संकेतस्थळावरील परकी छायाचित्रे : जबाबदारी कोणाची?

गावाच्या यात्रेची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची, नव्याने बांधलेल्या बंधाऱ्याची किंवा जिल्ह्यातील एखाद्या गडाची छायाचित्रे लोकांनीच पाठवावीत आणि ती संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहावयास मिळावीत, ही प्रथा अलीकडे चांगलीच रूढ झाली आहे. शाळा, वाचनालये, ग्रामपंचायती, नगरपरिषदा अशा अनेक संस्था ही सोय ठेवतात. तिला खर्च फारसा येत नाही आणि लोकांचा सहभागही लाभतो. परंतु पाठविणाऱ्याने पाठविलेले प्रत्येक छायाचित्र त्याने स्वतः काढलेले असतेच असे नाही. पुष्कळदा ते त्याच्या मोबाइलवर कोठून तरी आलेले असते. मूळ छायाचित्रकार कोण, हे त्यालाही ठाऊक नसते. पुढे केव्हा तरी तो छायाचित्रकार आपले काम तेथे पाहतो आणि मुख्याध्यापकांच्या किंवा सरपंचांच्या नावे वकिलाची नोटीस येऊन थडकते. क्वचित तिच्यात भरपाईच्या रकमेची मागणीही असते.

“छायाचित्र आम्ही काढले नाही, आम्ही चढविलेही नाही, मग आम्ही जबाबदार कसे?” असा प्रश्न अशा वेळी विचारला जातो व तो स्वाभाविक आहे. जगातील न्यायालयांपुढे हा प्रश्न गेली तीस वर्षे निरनिराळ्या रूपांत येत आहे. त्यातून जी विचारसरणी स्थिरावली, तिचा गाभा दोन गोष्टींत आहे. छायाचित्र तेथे ठेवण्याचा निर्णय वस्तुतः कोणी घेतला, हे न्यायालय प्रथम पाहते. आणि ते परक्याचे आहे असे कळल्यानंतर संकेतस्थळाच्या चालकाने काय केले, हे त्यानंतर पाहते. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला समाधानकारक देता येतात, त्याला कायदा संरक्षण देतो. इतरांना मात्र ‘आम्हांस माहीत नव्हते’ एवढ्या सबबीवर सुटता येत नाही.

छायाचित्राचा धनी कोण?

प्रताधिकार, म्हणजे व्यवहारात आपण ज्याला कॉपीराइट म्हणतो तो हक्क, आपल्या देशात १९५७ च्या अधिनियमाने नियंत्रित होतो. हा अधिनियम २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यात छायाचित्राची गणना कलाकृतींमध्ये केलेली असून त्यात कलागुण असोत वा नसोत, ती कलाकृतीच मानावी असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून नामवंत कलावंताने टिपलेला सूर्यास्त आणि एखाद्या विद्यार्थ्याने टिपलेले शाळेचे प्रवेशद्वार या दोहोंना सारखेच संरक्षण मिळते. हा हक्क मिळण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. छायाचित्र निर्माण होताच तो निर्माण होतो.

छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्याची कर्ती होय आणि सामान्यतः तीच त्याची पहिली मालक असते. याला काही अपवाद आहेत. पैसे देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले असेल, तर वेगळा करार नसल्यास ते काढून घेणारा मालक ठरतो. नोकरीचे काम म्हणून काढलेल्या छायाचित्राची मालकी मालकाकडे, शासकीय कृतीची शासनाकडे आणि कायद्याने स्थापन झालेल्या निगमनिकायाच्या निदेशाखाली तयार झालेल्या कृतीची त्या निकायाकडे जाते. येथेही विरुद्ध करार नसावा, ही अट आहेच. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून टिपलेले रस्त्याच्या कामाचे छायाचित्र आणि गावातील स्टुडिओवाल्याने हौसेने टिपलेले यात्रेचे छायाचित्र, यांतला फरक यावरून लक्षात यावा. पहिले वापरण्यास ग्रामपंचायतीला कोणाला विचारावे लागत नाही. दुसऱ्यासाठी विचारावेच लागते, मग ते छायाचित्र आपल्याच गावाचे व आपल्याच ग्रामदैवताचे का असेना.

हा शेवटचा मुद्दा पुष्कळांना पटत नाही. रायगड सर्वांचा आहे, मग त्याचे छायाचित्र एकट्याचे कसे? परंतु कायद्याची रचना तशीच आहे. इमारतीचे, किंवा सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्याची मुभा कलम ५२ ने प्रत्येकास दिली आहे. त्या मुभेचा लाभ घेऊन एखाद्याने पहाटे उठून, गड चढून, योग्य प्रकाशाची वाट पाहून जे टिपले, ते मात्र त्याचे. दुसऱ्याने हवे तर स्वतः गड चढावा.

मुदतीविषयी एक गोष्ट स्थानिक इतिहासाचे संकलन करणाऱ्यांना उपयुक्त ठरेल. पूर्वी छायाचित्राचा प्रताधिकार प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकत असे. २०१२ च्या दुरुस्तीने ही खास तरतूद काढून टाकण्यात आली आणि छायाचित्रांनाही कर्त्याचे आयुष्य व त्यानंतरची साठ वर्षे ही सर्वसाधारण मुदत लागू झाली. भारतात १९५१ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांची मुदत त्यापूर्वीच संपलेली होती. स्वातंत्र्यलढ्यातील प्रसंगांची जुनी, त्या काळी छापली गेलेली छायाचित्रे शाळेच्या संकेतस्थळावर ठेवताना म्हणूनच सहसा अडचण येऊ नये. ‘प्रसिद्ध झालेली’ हे शब्द मात्र महत्त्वाचे आहेत; कोणाच्या घरच्या संग्रहात पडून राहिलेल्या, कधीच न छापलेल्या चित्रांना हा हिशेब लागू पडत नाही.

अमेरिकेतील पहिले खटले

संकेतस्थळाच्या चालकाला जबाबदार धरावे काय, हा वाद प्रथम छायाचित्रांवरूनच उभा राहिला. फ्लॉरिडा राज्यात जॉर्ज फ्रेना हे गृहस्थ संगणकावर एक ‘बुलेटिन बोर्ड’ चालवीत. वर्गणीदार दूरध्वनीच्या तारेवरून त्याला आपला संगणक जोडून चित्रे चढवीत व उतरवून घेत. त्यांत ‘प्लेबॉय’ मासिकाच्या मालकीची १७० छायाचित्रे आढळली. आपण ती चढविली नाहीत, वर्गणीदारांनी चढविली आणि समन्स मिळताच आपण ती काढून टाकली, असा फ्रेना यांचा बचाव होता. १९९३ साली तेथील संघीय न्यायालयाने तो फेटाळला. प्रताधिकाराच्या भंगासाठी हेतू किंवा माहिती असण्याची आवश्यकता नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

हा निर्णय तसाच टिकला असता, तर लोकांना स्वतःहून काही चढविता येईल असे संकेतस्थळ चालविण्याचे धाडस क्वचितच कोणी केले असते. दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, नेटकॉम या सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या खटल्यात कॅलिफोर्नियातील न्यायालयाने वेगळी वाट धरली. यंत्रणा आपोआप प्रती करीत असेल आणि चालकाने स्वेच्छेने काही कृती केली नसेल, तर त्याने स्वतः भंग केला असे म्हणता येणार नाही. मात्र भंगाची माहिती असूनही तो स्वस्थ बसला असेल, तर भंगाला साहाय्य केल्याबद्दल तो जबाबदार ठरू शकेल, असे या न्यायालयाने म्हटले. पुढील सर्व कायद्यांचे बीज या निर्णयात आहे.

ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेने डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट संमत करून या तत्त्वाला कायद्याचे रूप दिले. तक्रार स्वीकारण्यासाठी संकेतस्थळाने प्रतिनिधी नेमून त्याची नोंद प्रताधिकार कार्यालयात करावी, रीतसर तक्रार येताच सामग्री तत्परतेने काढावी, चढविणाऱ्याला प्रत्युत्तराची संधी द्यावी आणि वारंवार भंग करणाऱ्यांची खाती बंद करावीत. एवढे केल्यास त्याच्यावर भरपाईचा बोजा पडत नाही. फोटोबकेट या छायाचित्रांच्या संकेतस्थळाविरुद्ध एक चित्रकर्ती न्यायालयात गेली होती. आपण एकदा तक्रार केल्यावर आपल्या चित्रांच्या पुढेमागे येणाऱ्या सर्व प्रती संकेतस्थळानेच हुडकून काढाव्यात, अशी तिची मागणी होती. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ती नाकारली व अपिलातही तोच निर्णय कायम झाला. तक्रारीत प्रत्येक प्रतीचा नेमका पत्ता द्यावा लागेल, असा त्याचा अर्थ. कलावंताच्या दृष्टीने ही व्यवस्था जाचक आहे, यात शंका नाही. एका चित्राच्या शंभर प्रती झाल्या तर शंभर पत्ते शोधण्याचे काम त्याच्याच गळ्यात पडते. युरोपीय संघाने २०१९ च्या निदेशाने या तत्त्वाला मुरड घातली ती यामुळेच. नफ्यासाठी चालणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांनी हक्कधारकांकडून परवाना मिळविण्याचा पुरेपूर प्रयत्न करावा, असा दंडक तेथे घालण्यात आला. नफ्यासाठी न चालविलेले ज्ञानकोश व शैक्षणिक संग्रह मात्र त्यातून वगळले आहेत.

आपल्याकडील कायद्याचा प्रवास

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ७९ मध्ये सेवा पुरविणाऱ्यास संरक्षण होते. पण ते त्या अधिनियमाखालील जबाबदारीपुरतेच. प्रताधिकार अधिनियमाखाली दावा झाल्यास त्याचा उपयोग नव्हता. २००४ मध्ये एका लिलावाच्या संकेतस्थळावर तिऱ्हाइताने आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीस ठेवली आणि त्यावरून संकेतस्थळाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला अटक झाली. या प्रकरणाने कायद्यातील उणीव ठळकपणे पुढे आली. पुढे २००८ च्या दुरुस्तीने कलम ७९ नव्याने लिहिण्यात आले. ही दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले, तरी ‘मध्यस्था’ला त्याच्याकडे तिऱ्हाइताने ठेवलेल्या माहितीबद्दल जबाबदार धरता येणार नाही, असे हे नवे कलम म्हणते. मात्र त्याने माहितीचे प्रेषण स्वतः सुरू केलेले नसावे, माहिती निवडलेली वा बदललेली नसावी, योग्य ती दक्षता घेतलेली असावी आणि बेकायदेशीर गोष्टीची प्रत्यक्ष माहिती मिळताच ती त्वरेने हटविलेली असावी.

येथे एक गाठ निर्माण झाली. त्याच अधिनियमाच्या कलम ८१ मध्ये असेही म्हटले होते, की प्रताधिकार अधिनियमाने दिलेले हक्क बजावण्यास या अधिनियमातील कशामुळेही बाध येणार नाही. एका हाताने दिलेले संरक्षण दुसऱ्या हाताने काढून घेतले की काय? या प्रश्नाचा निकाल लागला तो मायस्पेसच्या प्रकरणात. ते गाण्यांचे व चित्रफितींचे प्रकरण असले, तरी त्यातील तत्त्व छायाचित्रांना तंतोतंत लागू पडते. म्हणून ते थोडे तपशिलाने पाहू.

सुपर कॅसेट्स या कंपनीने २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयात मायस्पेसविरुद्ध दावा लावला. आपल्या मालकीची गाणी वापरकर्ते मायस्पेसवर चढवितात आणि मायस्पेस त्यांच्याभोवती जाहिराती दाखवून पैसा मिळविते, अशी तिची तक्रार होती. तिचा आधार होता प्रताधिकार अधिनियमाचे कलम ५१. जो कोणी नफ्यासाठी आपली जागा अशा कामास वापरू देतो की ज्यामुळे प्रताधिकाराचा भंग होतो, तोही भंग करणाराच समजावा, अशी त्यातील तरतूद आहे. फक्त भंगाची जाणीव नव्हती व तसे मानण्यास वाजवी कारणही नव्हते, हे त्याला दाखविता आले तर तो सुटतो. ही तरतूद मुळात नाट्यगृहाच्या किंवा सभागृहाच्या मालकाला नजरेसमोर ठेवून केलेली दिसते. भाडे घ्यावयाचे, रंगमंचावर दुसऱ्याचे नाटक विनापरवाना होऊ द्यावयाचे आणि वर नामानिराळे राहावयाचे, हे चालू नये हा तिचा उद्देश. संकेतस्थळ ही अशी ‘जागा’ होय, हे न्यायालयाने मान्य केले.

२९ जुलै २०११ रोजी एकसदस्यीय पीठाने मायस्पेसविरुद्ध अंतरिम मनाई हुकूम दिला. आपल्या संकेतस्थळावर असे प्रकार चालतात याची कंपनीला सर्वसाधारण कल्पना होती, जाहिराती जोडून ती सामग्रीत बदलही करीत होती, आणि कलम ८१ मुळे तिला कलम ७९ चे संरक्षण मिळू शकत नाही, असे त्या पीठाचे मत होते. मायस्पेसने अपील केले. २३ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने हा हुकूम फिरविला. लक्षावधी लोक काही ना काही चढवीत असताना ‘यात काही तरी परक्याचे असणारच’ ही ढोबळ जाणीव म्हणजे माहिती नव्हे, असे खंडपीठाने म्हटले. कोणती कृती, कोठे आहे, हे नेमके कळले पाहिजे. कंपनीने आपल्या गाण्यांची लांबलचक यादी दिली, पण ती कोणत्या पत्त्यावर आहेत हे सांगितले नाही. एवढ्याने प्रत्यक्ष माहिती झाली असे होत नाही. जाहिराती यंत्राने आपोआप जोडल्या जात असतील, तर तो बदलही संरक्षण घालविणारा नव्हे. आणि दोन्ही अधिनियम एकमेकांना छेद देणारे न समजता मेळ घालून वाचावेत, म्हणजे कलम ७९ चे संरक्षण प्रताधिकाराच्या दाव्यातही उपलब्ध होते. सर्व सामग्री आधी तपासूनच चढवू द्यावी असा आग्रह धरला, तर खासगी कंपन्यांच्या हाती एक प्रकारची अभ्यवेक्षण सत्ता जाईल, ही भीतीही निकालपत्रात व्यक्त झाली आहे.

खंडपीठाच्या निर्णयातील आणखी एक मुद्दा नजरेआड होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल प्रकरणात ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना, असा अर्थ लावला होता. तो अर्थ भाषणस्वातंत्र्याच्या संदर्भातील आहे. प्रताधिकाराच्या बाबतीत हक्कधारकाने नेमकी माहिती देणारी तक्रार केली की न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही, असे खंडपीठाने स्पष्ट केले. ‘आधी कोर्टाचा हुकूम आणा’ असे उत्तर छायाचित्रकाराला देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

तक्रारीची रीत

२०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार अधिनियमात आणि २०१३ च्या नियमांतील नियम ७५ मध्ये तक्रारीची पद्धत घालून देण्यात आली. काटेकोरपणे पाहता ही तरतूद दुवे व प्रवेश पुरविताना होणाऱ्या क्षणिक वा आनुषंगिक साठवणुकीसाठी आहे. छायाचित्र वर्षानुवर्षे ठेवणाऱ्या संकेतस्थळाला खरा आधार कलम ७९ चाच. तरीही चांगल्या व्यवहाराचे माप म्हणून ही पद्धत उपयोगी आहे. मायस्पेसच्या निर्णयातही तक्रारीनंतर छत्तीस तासांत सामग्री काढण्याचा आदेश देण्यात आला.

नियमानुसार तक्रार लेखी असावी. कृतीचे वर्णन, ती आपलीच असल्याचा तपशील, वादग्रस्त प्रत कोठे आहे तो पत्ता, ती कलम ५२ मधील सवलतींत का बसत नाही याचा खुलासा आणि चढविणारा माहीत असल्यास त्याचे नाव एवढ्या गोष्टी तिच्यात असाव्या लागतात. शिवाय आपण सक्षम न्यायालयात दावा दाखल करू आणि एकवीस दिवसांच्या आत त्याचा आदेश सादर करू, अशी हमीही तक्रारदाराला द्यावी लागते. तक्रारीबाबत समाधान झाल्यावर छत्तीस तासांत त्या प्रतीपर्यंत जाण्याची वाट बंद करावयाची. ती तक्रार मिळाल्यापासून एकवीस दिवस बंद राहते. तेवढ्या मुदतीत आदेश आला नाही, तर वाट पुन्हा खुली करता येते, आणि त्याच कृतीबद्दल त्याच तक्रारदाराच्या नव्या तक्रारीला उत्तर देण्याचे बंधन राहत नाही.

या एकवीस दिवसांच्या योजनेत एक शहाणपण आहे. काढावयास लावणे सोपे आहे, पण काढलेले ठेवावयाचे असेल तर न्यायालयात येण्याची तयारी हवी. खोट्या तक्रारींना यामुळे काहीसा आळा बसतो. प्रताधिकार नसताना दाव्याची धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम ६० खाली उलट दावाही करता येतो. नोटीस आली की घाबरून रक्कम भरून टाकणाऱ्या संस्थांनी ही बाब ध्यानात ठेवणे हितावह होईल. आधी छायाचित्र पडद्यावरून हटवावे, त्याची व नोटिशीची प्रत जतन करावी, नोटीस देणाऱ्याकडे मालकीचा पुरावा मागावा आणि मगच पुढील पाऊल उचलावे. सद्भावाने व अजाणता भंग झाला असेल, तर कलम ५५ नुसार न्यायालय मनाई हुकूम आणि झालेल्या नफ्यापैकी काही वा सर्व हिस्सा देवविते. त्यापलीकडे भरपाई देवविता येत नाही. ग्रामीण शाळेच्या संकेतस्थळाला नफा तो कसला असणार! याउलट जाणूनबुजून भंग केला किंवा त्यास साहाय्य केले, तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हा अपराध दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले आहे. नोटीस फाइलला लावून स्वस्थ बसणारा अधिकारी ‘अजाणता’ या वर्गातून ‘जाणून’ या वर्गात जातो, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे.

मध्यस्थ की प्रकाशक?

आतापर्यंत सांगितलेले संरक्षण ‘मध्यस्था’चे आहे आणि आपल्या संस्थांची खरी अडचण नेमकी येथे आहे. आपल्याकडील बहुतेक शासकीय व शालेय संकेतस्थळांवर नागरिक थेट काहीच चढवीत नाहीत. तो टपालाने, ई-मेलने किंवा मोबाइलवरून छायाचित्र पाठवितो. कार्यालयातील कर्मचारी त्यातील बरे निवडतो, कापून-छाटून नीट करतो, खाली ओळ लिहितो आणि प्रसिद्ध करतो. ही निवड झाली की संस्था मध्यस्थ राहिली असे म्हणणे कठीण जाते. ती प्रकाशक झाली. छायाचित्र स्पर्धेतील विजेती चित्रे झळकविणाऱ्या संस्थेचेही तसेच.

अमेरिकेत २०१७ साली लाइव्हजर्नल या संकेतस्थळाच्या बाबतीत हाच मुद्दा निघाला. तेथील एका गटात वापरकर्त्यांनी पाठविलेली छायाचित्रे नियंत्रकांच्या मंजुरीनंतरच प्रसिद्ध होत. त्यांत एका छायाचित्रसंस्थेची नटनट्यांची वीस चित्रे निघाली. नियंत्रक बहुतांशी स्वयंसेवक होते. परंतु ते कंपनीचे प्रतिनिधी म्हणून वागत होते काय, हे ठरविल्याशिवाय कंपनीला संरक्षण देता येणार नाही, असे म्हणून अपील न्यायालयाने प्रकरण फेरविचारार्थ परत पाठविले.

शिक्षकांच्या दृष्टीने याहून बोधप्रद प्रकरण जर्मनीतील आहे. वाल्ट्रॉप येथील शाळेतील एका विद्यार्थिनीने स्पॅनिश भाषेच्या उपक्रमासाठी टिपण तयार केले. त्यात तिने कॉर्डोबा शहराचे एक छायाचित्र प्रवासविषयक संकेतस्थळावरून घेऊन वापरले व खाली त्या संकेतस्थळाचे नावही दिले. शाळेने ते टिपण आपल्या संकेतस्थळावर ठेवले. छायाचित्रकाराने आपले चित्र फक्त त्या प्रवासी संकेतस्थळाला वापरू दिले होते. त्याने मनाई हुकूम व ४०० युरो भरपाई मागितली. चित्र मूळ ठिकाणी सर्वांना मोफत पाहता येत होते, उतरवून घेण्यास कसली आडकाठीही नव्हती. मग शाळेने वेगळे काय केले, असा युक्तिवाद झाला. ७ ऑगस्ट २०१८ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो नाकारला. दुसऱ्या संकेतस्थळावर प्रत ठेवणे म्हणजे नव्या वाचकवर्गापुढे नव्याने प्रसिद्ध करणे होय आणि त्यासाठी कर्त्याची संमती हवी. नुसता दुवा दिला असता, तर प्रश्न उद्भवला नसता. कारण मूळ ठिकाणचे चित्र काढून घेण्याची सत्ता छायाचित्रकाराकडे राहिली असती.

हा निर्णय आपल्यावर बंधनकारक नाही. आपल्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला सूट आहे आणि ती मोलाची आहे. वर्गात फळ्याशेजारी टांगलेला तक्ता, प्रकल्पवहीत चिकटविलेले चित्र यांची चिंता कोणी करू नये. परंतु तीच वही खुल्या संकेतस्थळावर जगासमोर ठेवली, तर ती ‘अध्यापनाच्या ओघात’ राहिली असे सांगणे मला तरी धाडसाचे वाटते.

‘सौजन्य : इंटरनेट’ किंवा ‘छायाचित्र : गूगल’ ही ओळ लिहिली की झाले, हा समज तर सर्वत्र बोकाळला आहे. शासकीय प्रकाशनांतही ती अधूनमधून दिसते. इंटरनेट हे कोणा छायाचित्रकाराचे नाव नव्हे, आणि गूगल दुसऱ्यांची चित्रे शोधून दाखविते, काढीत नाही. अशी ओळ म्हणजे परवानगी घेतली नसल्याची स्वहस्ते दिलेली कबुलीच होय. खरे नाव लिहिणे हे परवानगीहून निराळे कर्तव्य आहे. कलम ५७ नुसार प्रताधिकार विकल्यानंतरही कर्तेपणाचा मान सांगण्याचा हक्क छायाचित्रकाराकडे उरतो. छायाचित्रातील व्यक्तीचा हक्क आणखी वेगळा. २०२१ मध्ये एका तेलुगू चित्रपटात एका मॉडेलचे छायाचित्र तिला न विचारता वापरल्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने ते दृश्य काढून टाकेपर्यंत चित्रपटाचे प्रदर्शन थांबविले होते.

मग लोकांकडून छायाचित्रे मागवूच नयेत काय? तसे करण्याचे कारण नाही. ‘हे छायाचित्र मी स्वतः काढले आहे’ अशी घोषणा, वापराची व्याप्ती सांगणारी दोन वाक्यांची लेखी परवानगी आणि छायाचित्रकाराचे पूर्ण नाव, एवढे अर्जातच घेता येते. शंका आल्यास मूळ फाइल मागावी. ज्याने चित्र काढले त्याच्याकडे ती बहुधा असते, पुढे ढकललेल्या चित्राच्या बाबतीत ती नसते. विकिमीडिया कॉमन्स हे २००४ पासून चालणारे मुक्त संग्रहस्थळ पाहण्यासारखे आहे. मराठी विकिपीडियाच्या लेखांतील पुष्कळ चित्रे तेथून येतात. चढविणाऱ्याला तेथे कर्ता, उगम आणि परवाना सांगावाच लागतो. न सांगितल्यास चित्र काढून टाकले जाते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालील तेथील चित्रे परवान्याच्या अटी पाळून, म्हणजे बहुधा नाव व परवाना नमूद करून, कोणासही विनामूल्य वापरता येतात. आणि जेथे नागरिक खरोखरच थेट चढवीत असतील, तेथे तक्रार कोणाकडे करावी त्या अधिकाऱ्याचे नाव व पत्ता ठळकपणे द्यावा. २०२१ चे मध्यस्थांविषयीचे नियम तशी अपेक्षा करतात.

तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालविणारा छायाचित्रकार बहुधा या विषयात बळी ठरतो. त्याने टिपलेला पूर, त्याने टिपलेली वारी दुसऱ्या दिवशी शंभर ठिकाणी झळकते आणि त्याचे नाव कोठेच नसते. मोठ्या संकेतस्थळांच्या कंपन्या महानगरांत किंवा परदेशांत, तेथवर जाऊन दावा कोण लढविणार, अशा विचाराने तो गप्प बसतो. त्याला आपल्या गावच्या शिक्षकाने किंवा पंचायत सदस्याने एवढे सांगावे, की तक्रारीसाठी वकील लागतोच असे नाही, ती स्वतः लिहून पाठविता येते. आणि न्यायालयात जाण्याची वेळ आलीच, तर कलम ६२ नुसार तो स्वतः जेथे राहतो वा व्यवसाय करतो, तेथील जिल्हा न्यायालयातही दावा दाखल करता येतो. मूळ फाइल, ती टिपल्याची तारीख आणि वादग्रस्त पानाची प्रत त्याने त्याच दिवशी जपून ठेवावी, कारण पान काढून टाकले गेले की पुरावाही त्याच्याबरोबर नाहीसा होतो.